आयर्लंडच्या चुनाभट्ट्या: विस्तवाने दळलेला दगड

आयर्लंडच्या मध्यभागातील सखल प्रदेश बहुतांशी चुनखडकावर वसला आहे. सुमारे ३३ ते ३५ कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात साचलेला हा खडक. वर मात्र सततच्या पावसाने क्षार धुपून आम्लधर्मी झालेली जमीन. तिच्यात चुना मिसळला की पीक सुधारते, हे तेथील शेतकऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते; अडचण होती ती एवढ्या कठीण दगडाची भुकटी करण्याची. दगड दळणारी यंत्रे येण्यापूर्वी हे काम विस्तवाकडून करून घेतले जाई, आणि मला त्यातले शहाणपण विलक्षण वाटते.

भट्टी बहुधा उताराला टेकून बांधत, म्हणजे माल वरच्या तोंडातून ओतता येई आणि भाजलेला चुना खालच्या कमानीतून ओढून काढता येई. मुठीएवढे फोडलेले दगड आणि इंधन यांचे थरावर थर रचले जात. इंधन म्हणून अनेक ठिकाणी दलदलीतून कापून वाळवलेले पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जळाऊ थर) वापरत, तर किल्केनी परिसरात जवळच्या खाणींतील कोळशाचा चुरा.

सुमारे ९०० अंश सेल्सिअसला चुनखडीतील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि १०० किलो शुद्ध चुनखडीचा ५६ किलो कळीचा चुना उरतो. ढेकळाचा आकार जवळपास तोच राहतो, पण ते हातात घेताच हलके लागते. जड लागले तर गाभा कच्चा राहिला असे समजावे. खडबडीत वाटांवरून बैलगाडी किंवा घोडागाडी हाकणाऱ्याला वजनातील ही घट फार मोलाची होती.

शेतात या ढेकळांचे ढीग घालून ते मातीने झाकत. ओल लागताच चुना तापे, फुगे आणि आपोआप बारीक पिठासारखा विरे. तोच विरीचा चुना घरांच्या भिंतींना आणि गोठ्यांनाही लावत, कारण तो अतिशय अल्कधर्मी असल्याने त्यात जंतू टिकत नाहीत. धंदा मात्र जिवावरचा होता: कळीचा चुना डोळ्यांत गेला तर दृष्टी जाई, आणि थंडीत उबेसाठी भट्टीच्या काठावर निजलेली माणसे विषारी वायूने गुदमरून दगावत.

विसाव्या शतकाच्या मध्यास चुनखडी यंत्राने दळून स्वस्तात मिळू लागली आणि शेतीसाठी भाजण्याची गरजच संपली. न भाजलेली भुकटीही मातीतील आम्लता घालवते. फक्त तिचा परिणाम सावकाश होतो आणि तेवढ्याच कामासाठी ती जवळपास दुपटीने वाहून न्यावी लागते.