गालिचासंग्रह, पुरातन (बेळगाव सीमाभाग)

जुने इराणी व कॉकेशीय (काळा समुद्र व कॅस्पियन समुद्र यांमधील कॉकेशस प्रदेशातील) गालिचे मिळविणे, पारखणे व जतन करणे. सीमाभागाच्या बोलीत गालिचा, जमखाना, सतरंजी हे शब्द सरमिसळ वापरले जातात. संग्राहकाला ती मोकळीक नाही. गालिच्यात ताण्याच्या (लांबीच्या दिशेने ताणलेल्या) दोऱ्यांवर गाठी मारून लव म्हणजे धाग्यांच्या उभ्या टोकांचा थर केलेला असतो. धारवाड जिल्ह्यातील नवलगुंदचा जमखाना सुती व बिनलवेचा. तो विणणारी घराणी विजापूरहून आली, अशी परंपरा आहे.

या भागात गालिच्याची पारख शिकायची तर विजापूरच्या आसार महालापासून सुरुवात करणे इष्ट. मुहंमद आदिलशाहाच्या कारकीर्दीत (१६२७–५६) उभारलेल्या या वास्तूत पैगंबरांचे केस जतन केले आहेत, अशी श्रद्धा आहे. तेथील गालिचे सामान्यतः सतराव्या शतकातील मानतात. गोलघुमटाच्या नगारखान्यातील वस्तुसंग्रहालयात ते ठेवले आहेत. ते १६५७ च्या सुमारास काश्मीरहून आणविले, असे जुने लेखक सांगतात. सांगोवांगीपलीकडे या मताला फारसा आधार दिसत नाही. उलट दख्खनमध्येच कसबी विणकर होते : आंध्रातील एलूरचे विणकर शंभरावर वर्षांपूर्वी इराणातून आले, असे स्ट्रेनशॅम मास्टर या इंग्रज अधिकाऱ्याने १६७९ मध्ये नोंदविले आहे. जपानमधील क्योटोच्या गिऑन उत्सवातील रथांवरचे काही गालिचेही अभ्यासकांनी दख्खनी ठरविले आहेत. त्यामुळे निदान काही विजापुरी नगांच्या बाबतीत दख्खनी उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘इराणी’ म्हणून दाखविला जाणारा जुना नग दख्खनी असू शकतो, आणि त्यात त्याचे मोल उणे होत नाही.

निर्णय नक्षीवर नव्हे, गालिच्याची पाठ उलटून तेथे दिसणाऱ्या गाठींवर करावा. कझाक, शिरवान, कुबा, काराबाख या कॉकेशीय प्रकारांत गाठ सममित (तुर्की; धागा ताण्याच्या दोन्ही दोऱ्यांभोवती गुंडाळलेली) असते, ताणा बहुधा लोकरीचा आणि आकृत्या भौमितिक. उपलब्ध नगांपैकी बहुतेक एकोणिसाव्या शतकातले. इराणी शहरी गालिच्यांत सुती ताणा व असममित गाठ (धागा एकाच दोऱ्याभोवती पुरता गुंडाळलेली) विशेष आढळते. पण तब्रीझ व हमदान येथे सममित गाठ चालते, आणि ज्या सेन्ना (आजचे सनंदज) शहरावरून असममित गाठीला ‘सेन्ना गाठ’ असे नाव पडले तेथील विणकरही सममित गाठच मारतात! दख्खनी नगांतही सुती ताणा व असममित गाठ येत असल्याने केवळ गाठीवरून त्यांना इराणीपासून वेगळे काढता येत नाही. लाखेचा तांबडा रंग ही भारतीय खूण समजतात, परंतु लाख इराणातही वापरात होती. कृत्रिम रंग १८५६ नंतरचे. ते ओळखण्यासाठी लव उलगडून टोकाचा व मुळाचा रंग ताडून पाहतात : टोकाशी विटलेला आणि मुळाशी भडक रंग संशयास्पद.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या येरवडा तुरुंगात कैद्यांकडून आसार महालातील गालिच्यांच्या प्रतिकृती विणून घेण्यात आल्या. त्याही आता शंभरी ओलांडलेल्या असल्याने ‘जुना’ एवढ्यावरून ‘आदिलशाही’ म्हणणे धोक्याचे. प्रतिकृती म्हणून मात्र त्या स्वतंत्रपणे जपण्याजोग्या आहेत.

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांवरील नग पुरावस्तू ठरतात. त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ते परदेशी पाठविता येत नाहीत. बेळगावच्या पावसाळी ओलीत कसर लागू नये म्हणून गालिचा घडी न घालता लव बाहेर ठेवून गुंडाळतात व अधूनमधून उघडून वाऱ्यावर टाकतात.