सर्व्हिस सोपी करणारे छोटे बदल : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

लालबागच्या आमच्या गॅरेजमध्ये रोज एखादी मोटारसायकल साध्या ऑइल बदलायला येते आणि अर्धा तास एका स्क्रूशी झटापट करण्यात जातो. स्क्रूच्या डोक्यावरची खाच खाल्लेली असते, बोल्ट गंजून धरलेला असतो. असा त्रास दोनदा झाला की माणूस सर्व्हिस पुढे ढकलतो, आणि इंजिनाचं खरं नुकसान तिथून सुरू होतं. म्हणून आम्ही काही छोटे बदल करून देतो. पार्टच्या कामात ढवळाढवळ करत नाही. त्याच्यापर्यंत पाना सहज पोचावा, एवढंच बघतो.

सगळ्यात जास्त काम येतं ते इंजिनाच्या तळाशी असलेल्या, जुनं ऑइल सोडायच्या बोल्टचं. चेंबर, म्हणजे ऑइल साठतं तो इंजिनाचा तळ, ॲल्युमिनियमचा, बोल्ट स्टीलचा. कुणी दणकून आवळला की बोल्ट शाबूत राहतो आणि चेंबरचे आटे जातात. गेल्या पावसाळ्यात एक शंभर सीसीची गाडी आली, बोल्टला टेफलॉन टेपचे सात-आठ वेढे. टेप होती म्हणून तो कसाबसा टिकून होता. बोटांनी फिरवला तर बाहेर आला, आणि त्याच्याबरोबर ॲल्युमिनियमचे सोललेले आटे तारेसारखे लोंबत आले. अशी गाडी फ्रीवेवर असताना बोल्ट पडला असता तर सगळं ऑइल मागच्या टायरवर.

अशा वेळी आम्ही भोक किंचित मोठं करून नवे आटे पाडतो आणि त्यात स्टीलच्या तारेची गुंडाळी, म्हणजे हेलिकॉइल, बसवतो. टॅपच्या, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराच्या, खाचांत घट्ट ग्रीस भरलेलं असतं, त्यामुळे धातूचा कीस त्यालाच चिकटून बाहेर येतो. उरलासुरला कीस थोडं ऑइल वरून ओतून धुऊन काढतो. बोल्टचा साइज कंपनीचाच राहतो. हवा असेल तर चुंबकाच्या टोकाचा बोल्ट लावतो. त्या टोकावर राखाडी लगदा दिसला तर घाबरू नका, ती रोजची झीज आहे. बोटाला टोचेल असा तुकडा दिसला, तर मात्र गाडी न चालवता आम्हाला कळवा. बोल्टखालचा वायसर (चकती) दर वेळी नवा टाकायचा, यात काटकसर नको.

यामाहा आरएक्स १०० सारख्या जुन्या गाड्यांच्या इंजिन कव्हरला जपानी पद्धतीचे स्टार स्क्रू असतात. दिसायला ते नेहमीच्या स्टार स्क्रूसारखेच, पण खाचेची घडण थोडी वेगळी. बाजारातला साधा स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, निसटतो आणि खाच खातो. त्यांच्या जागी आम्ही ॲलन बोल्ट, म्हणजे षटकोनी खाचेचे बोल्ट, घालतो, पाच एमएमच्या एका चावीने सगळे उघडतात. एकाच कव्हरला वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट असतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर केसिंगला, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचाला, तडा जातो. म्हणून काढतानाच पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवतो. तुम्ही घरी उघडत असाल तर हीच पद्धत ठेवा.

बोल्ट स्टेनलेसचेच हवेत, असा अनेकांचा आग्रह असतो. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते आणि बोल्ट तिथेच जाम होतो. आट्यांना अँटी-सीझ पेस्ट (बोल्ट जाम होऊ न देणारा लेप) लावल्याशिवाय आम्ही स्टेनलेस बसवत नाही.

गणपतीला गावी जाताना बॅटरी उतरू नये म्हणून तिची वायर काढायची, तर टर्मिनलमधला चौकोनी नट खाली घसरतो आणि परत स्क्रू लागता लागत नाही. नटाखाली फोमचा छोटा तुकडा ठेवला की तो वर राहतो. याचे पैसे घेत नाही.

एअर फिल्टरच्या डब्याची निचऱ्याची नळी बहुतेक गाड्यांत आत कुठेतरी दडलेली असते. ती आम्ही दिसेल अशा जागी आणून टोकाला पारदर्शक टोपण लावतो. पावसात हिंदमाता चौकात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर घरी पोचल्यावर टोपणात डोकावा. पाणी दिसलं तर स्टार्ट न करता आणा.

साडीगार्ड काढून चेन मोकळी करून द्या, अशी मागणी अनेकदा येते. ते आम्ही करत नाही. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांतच ते संरक्षण सांगितलं आहे, आणि ओढणी चेनमध्ये अडकली तर काय होतं ते सांगायला नको. ब्रेक, सायलेन्सर, चेसिस यांतही बदल नाही. आरसीवरच्या नोंदीशी गाडी जुळेनाशी होईल असा बदल मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे परस्पर करता येत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

येताना आरसी आणा आणि इंजिन थंड होईपर्यंत थांबायची तयारी ठेवा, गरम इंजिनावर आट्यांचं काम आम्ही करत नाही. बसवलेल्या प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढलेली असेल, बोल्टवरून थेट कव्हरवर गेलेली. ती तुटलेली दिसली की बोल्ट सैल झाला समजायचं. काढलेले जुने स्क्रू पुडीत बांधून परत मिळतील.