ठिपका एवढासा, खाज केवढी!

स्तनाची बायोप्सी झाली, म्हणजे सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासला, त्याला दोन महिने झाले. रिपोर्ट चांगला आला. त्वचेवर तिळाएवढा तपकिरी ठिपका, बाकी काही नाही. तरी रात्री कूस बदलली की तिथे खाज सुटते. खाजवून उपयोग नाही, खाज कुठेतरी आत असते. स्तनाच्या बायोप्सीनंतर बऱ्याच जणी हे सांगतात, आणि मग दबक्या आवाजात विचारतात, "सुई लागल्यानं गाठ चिघळली तर नाही ना?"

नाही. तो ठिपका फसवा असतो, एवढंच. दंडावर लस टोचतात ती सुई बहुधा 23 गेजची, जेमतेम 0.6 मिलिमीटर जाड. बायोप्सीला सहसा 14 गेजची लागते (गेजचा आकडा लहान तितकी सुई जाड, हा उलटा हिशेब बायकांनी का पाठ करावा!) आणि ती 2 मिलिमीटरच्या थोडी पुढेच भरते. एकाच छिद्रातून ती अनेकदा आत जाते, दर खेपेला शेवईसारखा एक तुकडा घेऊन येते. वर ठिपका दिसतो. जखम खाली असते.

खाज सुटली की जखम भरत आली, असं घरातल्या मोठ्या बायका म्हणतात. पहिल्या दिवसांपुरतं ते खरंच आहे: जखमेभोवतीच्या मास्ट नावाच्या पेशी हिस्टामिन हे खाज आणणारं रसायन सोडतात. रेंगाळणारी खाज मात्र बरेचदा नसांची. फासळ्यांमधून येणाऱ्या नसांचे बारीक फाटे सुईनं तुटतात आणि पुन्हा वाढतात, दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. ही कोवळी टोकं भलतीच हळवी. ब्राची शिवण घासली, घाम आला, की कुरकुर सुरू. आतला व्रणही वर्षभर मुरत असतो.

खाजेचा आकारही पाहावा. चौकोनी पुरळ उठलं असेल तर दोष सुईचा नाही, चिकटपट्टीचा. ताप, पू, वाढती लाली किंवा सूज असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

एक खाज मात्र वेगळी. ती सुईच्या जागी नसते, स्तनाग्रावर असते. तिथे खपल्या धरतात, ओलसरपणा येतो. जेम्स पॅजेट या इंग्रज शल्यविशारदानं 1874 मध्ये तिचा कर्करोगाशी संबंध दाखवला. आजही ती इसब समजून मलमं लावण्यात महिने जातात.