बीटा बिल्ड फुटतो तेव्हा: तीस वर्षांची पार्श्वभूमी

दहावीचा पेपर फुटला की चौकशी एकाच प्रश्नाने सुरू होते: कुठल्या केंद्रावरून? गेम बनवणाऱ्यांच्या ऑफिसातही आपला बीटा बिल्ड, म्हणजे चाचणीसाठी तयार केलेली गेमची प्रत, टेलिग्रामवर दिसली की पहिला प्रश्न तोच असतो. कुणाच्या फोनवरून गेला? आज या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा सापडतं. पण ते सापडण्याची सोय व्हायला अनेकांचं नुकसान व्हावं लागलं.

बीटा म्हणजे पूर्ण न झालेला, पण खेळता येण्याजोगा गेम. मोबाइलवर त्याची गरज कॉम्प्युटरपेक्षा जास्त भासते. तोच गेम दोन जीबी रॅमच्या जुन्या अँड्रॉइडवर, नव्याकोऱ्या आयफोनवर, तडा गेलेल्या स्क्रीनवर आणि एसटीच्या प्रवासात मधूनच जाणाऱ्या नेटवर्कवर चालावा लागतो. ऑफिसच्या कपाटातले वीस-पंचवीस फोन त्यासाठी पुरत नाहीत. म्हणून गेम अनोळखी माणसांच्या हाती द्यावा लागतो. प्रश्नपत्रिका निदान परीक्षेच्या सकाळपर्यंत सीलबंद ठेवता येते. सीलबंद बीटाचा उपयोग शून्य. खरी गोम इथेच आहे, आणि गेल्या तीस वर्षांतले सगळे उपाय याच अडचणीतून वाट काढायला निघाले.

मोबाइलच्या आधी हे दुखणं कॉम्प्युटरच्या गेमना होतं. ‘डूम’ डिसेंबर १९९३ मध्ये आला, पण त्याच्या अर्धवट आवृत्त्या त्याआधीच हातोहात फिरत होत्या. मोठा हादरा २००३ मध्ये बसला. व्हॉल्व्ह कंपनीने ‘हाफ-लाइफ २’साठी ३० सप्टेंबर २००३ ही तारीख दिली होती. तारीख हुकली, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेमचा सोर्स कोडच, म्हणजे प्रोग्रॅमरनी लिहिलेला मूळ मजकूर, इंटरनेटवर आला. कंपनीचे प्रमुख गेब नेवेल यांनी कोड आपलाच असल्याचं चाहत्यांसमोर मान्य केलं आणि माग काढायला त्यांचीच मदत मागितली. जर्मनीतला एक तरुण कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरला होता. पुढे त्यानेच नेवेल यांना ईमेल केली, मे २००४ मध्ये त्याला जर्मनीत अटक झाली आणि दोन वर्षांच्या प्रोबेशनची शिक्षा झाली. गेम बाजारात यायला नोव्हेंबर २००४ उजाडला.

‘क्रायसिस २’चं प्रकरण मला त्याहून बोलकं वाटतं. फेब्रुवारी २०११ मध्ये, गेम यायला महिनाभर असताना, जवळजवळ पूर्ण झालेला बिल्ड फुटला. त्यात ऑनलाइन पडताळणीची मास्टर कीसुद्धा होती. कपाटाची किल्ली कपाटालाच लावून ठेवावी तसा हा प्रकार. बिल्डच्या पोटात एकही गुपित ठेवायचं नाही, हे आमच्या स्टुडिओतल्या नव्या मुलांना समजावताना मी अजून हेच उदाहरण देतो.

आता फोनकडे येऊ. नोकियाचा एन-गेज हा गेम खेळण्यासाठीचा फोन ऑक्टोबर २००३ मध्ये आला. तो सिम्बियन या ऑपरेटिंग सिस्टिमवर चाले. त्याचे गेम छोट्या मेमरी कार्डांवर विकले जात. काही आठवड्यांतच ते क्रॅक झाले, म्हणजे त्यांचं कुलूप तोडलं गेलं, आणि त्याच जातीच्या दुसऱ्या सिम्बियन फोनांवर चालू लागले. आपल्याकडचं चित्र अनेकांना आठवत असेल. एसटी स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात ‘गाणी, गेम, रिंगटोन डाउनलोडिंग’ अशी पाटी असायची. दुकानदार कार्ड रीडरमध्ये आपलं मेमरी कार्ड घालायचा आणि दहा-वीस रुपयांत शंभरेक जावा गेम भरून द्यायचा. तो गेम कुणीतरी बनवलाय, त्याचे पैसे कुणाला तरी मिळायला हवेत, हा विचार आमच्या कुणाच्या मनातही यायचा नाही. माझ्याही नाही.

सिम्बियनने नवव्या आवृत्तीपासून डिजिटल सही नसलेल्या अॅपवर कडक बंधनं आणली. चाचणीसाठी डेव्हलपर सर्टिफिकेट मिळे, पण ते ठरावीक फोनांच्या आयएमईआय क्रमांकाला बांधलेलं असे. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबायचं, आलेले पंधरा आकडे कळवायचे, मग बिल्ड फक्त त्याच फोनवर बसायचा. अॅपलने पुढे हाच मार्ग घेतला. अॅप स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडलं, आणि स्टोअरबाहेर चाचणी करायची तर वर्षाला शंभर उपकरणांची मर्यादा होती. प्रत्येक उपकरणाचा चाळीस अक्षरांचा यूडीआयडी नोंदवावा लागे. टेस्टरने आयफोन केबलने जोडायचा, आयट्यून्समध्ये सीरियल नंबरवर क्लिक करायचं, मग ती लांबलचक ओळ दिसायची. ती कॉपी करून ईमेलने पाठवायची. एक अक्षर चुकलं की बिल्ड बसत नसे. कटकट प्रचंड, पण बिल्ड एखाद्याने पुढे पाठवला तरी दुसऱ्याच्या साध्या फोनवर तो उघडायचाच नाही.

ही कटकट कमी करायला २०१० च्या अखेरीस टेस्टफ्लाइट ही सेवा सुरू झाली. ती चालवणारी बर्स्टली कंपनी अॅपलने फेब्रुवारी २०१४ मध्ये विकत घेतली, आणि आयओएस ८ बरोबर टेस्टफ्लाइट अॅपलच्याच व्यवस्थेचा भाग झालं. सुरुवातीला बाहेरचे एक हजार टेस्टर चालत, आता दहा हजार. बिल्डचं आयुष्य आता ९० दिवसांचं; मुदत संपली की तो उघडत नाही. टेस्टर वाढवायचे असतील तर प्रतीचं आयुष्य कमी करावं लागतं, हे त्यातून पक्कं झालं.

पण अॅपलच्या भिंतीलाही एक मागचं दार होतं. कंपन्यांना आपल्याच कर्मचाऱ्यांना अॅप देता यावं म्हणून एंटरप्राइज सर्टिफिकेट मिळतं. त्याला ना स्टोअरची तपासणी, ना शंभर उपकरणांची मर्यादा. हेच सर्टिफिकेट वापरून ‘माइनक्राफ्ट’ आणि ‘पोकेमॉन गो’सारख्या गेमच्या फेरफार केलेल्या प्रती वाटल्या जात असल्याचं फेब्रुवारी २०१९ मध्ये रॉयटर्सने उघड केलं. फोन जेलब्रेक करायचीही, म्हणजे अॅपलची बंधनं तोडायचीही, गरज नव्हती.

अँड्रॉइडचं घर पहिल्यापासूनच मोकळं. एपीके ही अॅप बसवायची एकच फाइल. ब्लूटूथने पाठवा, व्हॉट्सअॅपवर पाठवा, समोरच्याकडे बसते. जुलै २०१० मध्ये अॅप विकत घेतलंय का हे तपासणारा तयार कोड गूगलने दिला, पण ती तपासणी अॅपमधून कशी काढून टाकता येते हे पुढच्याच महिन्यात दाखवलं गेलं. त्यानंतरचे आकडे बोचरे आहेत. जुलै २०१२ मध्ये मॅडफिंगर या गेम कंपनीने ‘डेड ट्रिगर’ची अँड्रॉइड आवृत्ती फुकट करून टाकली आणि कारण दिलं ते पायरसीचं. ‘फुटबॉल मॅनेजर’च्या निर्मात्यांनी त्याच वर्षी एका विकत प्रतीमागे नऊ चोरीच्या, असं प्रमाण सांगितलं. जानेवारी २०१५ मध्ये ‘मॉन्युमेंट व्हॅली’ बनवणाऱ्या अस्टूने जाहीर केलं की अँड्रॉइडवरच्या इन्स्टॉलपैकी फक्त ५ टक्के पैसे देऊन झालेली आहेत, आयओएसवर ४० टक्के. उरलेली सगळी चोरीचीच असं नाही, एकाच माणसाकडे फोन आणि टॅब्लेट दोन्ही असतात, हेही त्यांनी स्पष्ट केलं होतं. तो खुलासा आकडा सांगताना बहुतेक जण गाळतात.

प्ले स्टोअरवर अल्फा-बीटाची अधिकृत सोय मे २०१३ मध्ये आली. तोवर बिल्ड ड्राइव्हच्या लिंकने किंवा ईमेलने जायचे. २०१८ मध्ये अॅप बंडल ही अॅप स्टोअरला देण्याची नवी पद्धत आली आणि ऑगस्ट २०२१ पासून नव्या अॅपना ती सक्तीची झाली. त्यात प्रत्येक फोनला त्याच्यापुरते तुकडे मिळतात, म्हणून एकच एपीके काढून दुसऱ्याला दिली तर बहुधा अर्धा गेम गायब असतो. सगळे तुकडे गोळा करून बांधणारी साधनंही आली, पण सहज केलेली चोरी थोडी अवघड झाली.

पायरसीइतकंच दुसरं नुकसान असतं, आणि बाहेरच्यांना ते दिसत नाही: बिल्ड उघडून आत पाहणं. मोबाइलवरचे असंख्य गेम युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनतात. जुन्या पद्धतीच्या युनिटी बिल्डची एपीके झिप फाइलसारखी उघडली की आत असेंब्ली-सीशार्प नावाची, गेमचा कोड असलेली डीएलएल फाइल सापडायची. ती डीकंपायलरमध्ये, म्हणजे तयार प्रोग्रॅम उलगडणाऱ्या साधनात, टाकली की जवळजवळ मूळ कोडच समोर. पुढच्या सीझनचं पात्र, न जाहीर केलेली बंदूक, कुठली पेटी किती वेळा उघडल्यावर काय देणार, सगळं नावानिशी. फेब्रुवारी २०१५ पासून अॅपलने नव्या अॅपना ६४ बिट सक्तीचं केलं, म्हणून युनिटीने कोड बांधायची आयएल-टू-सीपीपी ही नवी पद्धत आणली. ऑगस्ट २०१९ पासून गूगलनेही तीच सक्ती केली आणि अँड्रॉइडवर ती सर्रास झाली. कोड आता मशीनच्या भाषेत जातो. तरी कोडच्या भागांची (क्लास आणि फंक्शन) नावं ग्लोबल-मेटाडेटा या फाइलमध्ये राहतातच, आणि ती वाचून देणारी साधनं फुकट मिळतात. ही फाइल एन्क्रिप्ट करणाऱ्या कंपन्या आहेत. पण जे अजून दाखवायचं नाही ते बिल्डमध्ये घालायचंच नाही, वेळ आली की सर्व्हरवरून पाठवायचं, याहून खात्रीचा उपाय मी पाहिलेला नाही.

फुटलेल्या बिल्डचा सर्वांत मोठा फटका खेळणाऱ्यालाच बसतो. जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ मोजक्याच देशांत सुरू झाला. बाकी जगाला धीर धरवेना. लोकांनी मिळेल तिथून एपीके घेतली, आणि काही दिवसांतच ड्रॉइडजॅक नावाचं हेरगिरीचं साधन घातलेली प्रत सापडली. आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० ला ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली. १७ जून २०२१ ला त्याच्या भारतीय आवृत्तीचा, ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’चा अर्ली अॅक्सेस आला, पण जागा मोजक्या. ज्यांना जागा मिळाली नाही ती पोरं एपीके आणि ओबीबीच्या (गेमच्या जादा डेटाच्या फाइलच्या) लिंका शोधत फिरत होती. माझ्या ओळखीतल्या किमान तिघांनी तेव्हा आईवडिलांच्या फोनवर, ज्यावर यूपीआय होतं त्याच फोनवर, कुठून आलेली ते ठाऊक नसलेली फाइल बसवली. बीटाच्या सुरक्षेबद्दल बोलताना मला आधी ते फोन आठवतात.

कुणाच्या प्रतीवरून फुटलं ते ओळखायची युक्ती सिनेमावाल्यांची. २००४ मध्ये ऑस्करच्या मतदारांना पाठवलेल्या चित्रपटांच्या प्रती बाहेर पडल्या, तेव्हा प्रत्येक प्रतीवरच्या वेगळ्या छुप्या खुणेमुळे एका सदस्यापर्यंत माग लागला आणि अकादमीने त्याला काढून टाकलं. गेममध्ये तीच गोष्ट टेस्टरच्या क्रमांकाने होते. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये खेळाडूचा ओळख क्रमांक (यूआयडी) स्क्रीनच्या कोपऱ्यात सतत दिसतो, म्हणून त्याच्या बीटाच्या फुटलेल्या चित्रांमध्ये तो कोपरा हटकून खोडलेला असतो. त्या कंपनीने २०२२ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयामार्फत डिस्कॉर्ड या चॅट अॅपकडून एका लीक करणाऱ्याची माहितीही मागितली होती.

आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५ए हे कलम आलं. हक्कांचं उल्लंघन करण्यासाठी तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण चार-पाच जणांचा स्टुडिओ कोर्टाची पायरी क्वचितच चढतो. तो लिंक काढायची नोटीस पाठवतो, आणि बहुतेकदा तेवढ्यावरच भागवतो.

आता पुण्यातच सुपरगेमिंगसारख्या कंपनीने ‘इंडस’ हा पबजीसारखा बॅटल रॉयाल गेम बनवला, त्याचा क्लोज्ड बीटा घेतला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तो बाजारात आणला. म्हणजे सांगली-नांदेडची मुलंही टेस्टर होऊ लागली आहेत. मी एका लहान स्टुडिओत चाचणीचं काम पाहतो. आमचा एक बिल्ड फुटला तेव्हा चित्राच्या कोपऱ्यात क्रमांक अर्धवट दिसत होता. त्यावरून फोन लावला. पलीकडे अकरावीतला मुलगा होता. “दादा, मावसभावाला पण खेळायचं होतं. त्याच्या फोनवर इन्व्हाइटच येईना, म्हणून मी फाइल दिली,” तो म्हणाला. मावसभावाने ती पुढे ग्रुपवर टाकली होती. गुप्ततेचा करार त्याने स्वीकारला होता का? हो. तो सात पानांचा, सगळा इंग्रजीत. ‘आय अॅग्री’चं बटण दाबल्याशिवाय गेम उघडत नव्हता, म्हणून त्याने ते दाबलं होतं.

त्या फोननंतर आम्ही बिल्डची मुदत चौदा दिवसांवर आणली आणि लॉगइनशिवाय गेमचं पहिलं दृश्यही उघडणार नाही असं केलं. करारातल्या मुख्य अटी मराठीत, चार ओळींत, बटणाच्या वर आल्या. शेवटच्या ओळीत लिहिलं आहे की भावाला किंवा मित्राला खेळायचं असेल तर त्याचा ईमेल आम्हाला कळवा, त्याचं नाव आम्ही यादीत घालू. पहिल्या आठवड्यात असे एकतीस ईमेल आले.