दाणा (बंदुकीच्या दारूचा)

दाणा, बंदुकीच्या दारूचा : बंदुकीत ठासलेल्या किंवा काडतुसात भरलेल्या दारूच्या एका कणाचा आकार व घडण. दारू किती वेगाने जळणार हे तिच्यातल्या रसायनांवर ठरते, तितकेच दाण्यावरही ठरते. काडतूस केवढे, गोळी किती जड आणि नळी किती लांब, या तीन गोष्टी पाहून दाणा निवडतात. आखूड नळीच्या रायफलीसाठी कोणती दारू घ्यावी, हा जगभरच्या काडतूस भरणाऱ्यांचा जुना वाद याच विषयात मोडतो.

मराठवाड्यात ज्याने चूल पेटवली आहे, त्याला यामागचे तत्त्व चटकन उमगते. तुराटी भसकन पेटते आणि राख होते, पऱ्हाटी थोडी धरते, बाभळीचा ओंडका पहाटेपर्यंत धुमसतो. तुकडा जितका बारीक, तितका त्याचा उघडा पृष्ठभाग जास्त, आणि आग लागते ती पृष्ठभागालाच. बारीक दाण्याची दारू लवकर जळते आणि दाब एकदम चढवते. जाड दाण्याची सावकाश जळते आणि गोळीला अधिक अंतरापर्यंत रेटत राहते.

सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू आधी नुसती भुकटीच असे. भुकटी घट्ट ठासली की मधली हवा निघून जाते, ज्वाळेला आत शिरायला वाट उरत नाही, आणि सैल राहिली तर बार कधी कसा उडेल याचा नेम नसतो. पंधराव्या शतकात युरोपात ओली दारू दाबून, फोडून, चाळून तिचे दाणे करण्याची रीत रुळली. दाण्यांमधल्या फटींतून ज्वाळा धावते, त्यामुळे जळणे एकसारखे झाले. तोफेला जाड, बंदुकीला मध्यम आणि कानावर (बत्ती देण्याच्या छिद्रावर) टाकायच्या रंजकेला, म्हणजे पेटवणीला, अगदी बारीक दारू, ही विभागणी चाळणीतून आली.

नळीच्या लांबीचा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर मराठवाड्याच्या दोन किल्ल्यांशी नाते असलेल्या तोफा पाहाव्यात. दौलताबादच्या बुरुजावरची मेंढा तोफ तोंडाने लहान आणि नळीने लांब आहे. विजापूरची मलिक-ए-मैदान याच्या उलट. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यात (आजचा धाराशिव जिल्हा) होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली. तिची लांबी साडेचार मीटरांच्या आत, पण आतला पोकळ व्यास सुमारे ७० सेंटिमीटर. म्हणजे लांबी व्यासाच्या जेमतेम सहा-सात पट. तिच्या पोटात माणूस वाकून बसू शकतो. अशा तोफेत गोळा तोंडाबाहेर पडेपर्यंत वायूला फुगायला फार थोडी जागा मिळते. मेंढा तोफेत ती भरपूर मिळते.

शेतकऱ्याच्या घरातली ठासणीची बंदूक हीच परंपरा पुढे चालवत आली. शिंगातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या, मग छर्रे, गजाने ठासायचे आणि कानावर ठिणगी पाडणारी टोपी चढवायची. दारू सर्दावली की बार फुसका निघतो. ‘फुसका बार’ आणि ‘ठासून भरणे’ हे आपण रोज बोलतो ते शब्द या कामाला तंतोतंत लागू पडतात. काळ्या दारूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घन मळ आणि धूर होऊन उरतो, म्हणून नळी वरचेवर धुवावी लागते. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. मात्र हा परवाना म्हणजे रोही किंवा रानडुक्कर मारण्याची मुभा नव्हे. त्याला वन्यजीव कायद्याखालची परवानगी वेगळी लागते, आणि गावोगाव या दोन गोष्टींची गल्लत होते.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू केली. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांची बॅलिस्टाइट आली, १८८९ मध्ये ब्रिटिशांची कॉर्डाइट. या दारूत दाणा घडवण्याची कला फार पुढे गेली. भिंगाखाली पाहिले तर काही दाणे शेवयांच्या तुकड्यांसारखे दिसतात आणि प्रत्येकाच्या मधोमध केसाएवढे आरपार भोक असते. काही चपट्या चकत्या असतात, काही राजगिऱ्यासारखे गोल. वरची करडी चकाकी ग्रॅफाइटची. भोकाची करामत अशी की बाहेरून जळताना दाण्याचा पृष्ठभाग घटतो, तेव्हा आतून जळताना भोकाचा वाढतो, आणि वायूचा पुरवठा जवळजवळ एकसारखा राहतो. तोफेच्या दाण्यांना सात भोके ठेवतात. त्यांचा पृष्ठभाग जळता जळता वाढत जातो. गोल दाण्याला ही सोय नाही. म्हणून त्याच्या वरच्या थरात ज्वलन मंद करणारे द्रव्य मुरवतात.

आता आखूड नळी. सर्वसाधारण समज असा की नळी आखूड तर दारू जलद घ्यावी, नाहीतर ती न जळताच तोंडाबाहेर पडेल. हा समज अर्धाच खरा आहे. रायफलीत सर्वांत जास्त दाब गोळी काही सेंटिमीटर सरकते तेवढ्यातच येतो, आणि दारूचा मोठा भागही नळीच्या सुरुवातीलाच जळतो. पुढची लांबी मुख्यतः वायू फुगून गोळीला ढकलण्यासाठी असते. त्यामुळे लांब नळीत ज्या दारूने सर्वाधिक वेग मिळतो, तीच दारू बहुतेक वेळा आखूड नळीतही सर्वाधिक वेग देते. आखूड नळीत कोणत्याही दारूने वेग घटतोच. पल्लेदार रायफलीत साधारणपणे कमी झालेल्या नळीच्या एका इंचामागे सेकंदाला २५ ते ५० फूट जातात आणि नळी फारच आखूड असेल तर त्याहून अधिक. तो तोटा दारू बदलून भरून निघत नाही.

मग जलद दारूचा उपयोग कशासाठी? नळीच्या तोंडाशी उरणाऱ्या दाबासाठी. सावकाश दारूचा दाब गोळी बाहेर पडतानाही बराच शिल्लक असतो. आखूड नळीत तो डोळ्यांपुढे लखलखाट आणि कानठळ्या बसवणारा आवाज होऊन फुटतो. संधिप्रकाशात क्षणभर समोरचे काहीच दिसत नाही. थोडी जलद दारू घेतली की वेग किंचित कमी होतो, पण ज्वाळा आणि धक्का घटतो, आणि पुष्कळदा गोळ्यांचा वेगही अधिक एकसारखा येतो. थोडक्यात, काडतूस आणि गोळी पाहून चालणाऱ्या दारूंची यादी ठरते, आणि नळी पाहून त्या यादीतली जरा जलद बाजू निवडता येते. त्या यादीबाहेरची, पिस्तुलाची अतिजलद दारू रायफलीत भरणे म्हणजे हातात बॉम्ब धरणे. सावकाश दारू मापापेक्षा फार कमी भरणेही धोक्याचे, कारण अर्धवट रिकाम्या पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या कवचात) दाब कधीकधी अनपेक्षित उसळतो. .२२३ रेमिंग्टन या काडतुसाची दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला ५५ हजार पौंड आहे. इतक्या दाबापुढे अंदाजाला जागाच नाही.

स्वयंचलित रायफलीत दाण्याला आणखी एक काम असते. नळीतला थोडा वायू यंत्रणेकडे वळवून पुढची गोळी चढवतात. अमेरिकेच्या एम-१६ रायफलीसाठी १९६४ मध्ये नळीदार दाण्याऐवजी गोल दाण्याची दारू मंजूर झाली. गोळीचा वेग साधला, पण वायूच्या छिद्रापाशी दाब वाढला, रायफल ठरल्यापेक्षा वेगाने झडू लागली, मळ साचला. व्हिएतनाममध्ये सैनिकांच्या हातात रायफली अडकल्या. १९६७ मध्ये अमेरिकेच्या संसदीय समितीने या बदलावर कठोर ठपका ठेवला. दारू बदलताना नुसता वेग मोजून भागत नाही, याचा इतका महागात पडलेला दाखला दुसरा सापडणे कठीण.

घरी काडतुसे भरण्याचा छंद प्रामुख्याने अमेरिकेतला. तिथे १६ इंचांहून कमी नळीची रायफल वेगळ्या नोंदणीखाली येते. भारतात परवान्याविना दारूगोळा तयार करणे शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ खाली आणि बंदुकीची नळी कापून आखूड करणे कलम ६ खाली गुन्हा आहे. परवानाधारकांची .३१५ रायफल आणि तिची काडतुसे कारखान्यातूनच येतात. मराठवाड्यातली मुले एनसीसीत प्रथम हाताळतात त्या .२२ काडतुसात प्रायमरचे (दारू पेटवणाऱ्या टोपीतले) मिश्रण पुंगळीच्या कडेतच असते, त्यामुळे ते पुन्हा भरण्याची सोयच नसते.

तरीही दाण्याचा एक गुण इथल्या प्रत्येक परवानाधारकाने ध्यानात ठेवावा, तो म्हणजे उष्णतेचा परिणाम. काडतुसांची दाब-चाचणी सुमारे २१ अंश सेल्सिअसला घेतात. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या जीपच्या बंद काचांआड ६० च्या घरात. दारू जितकी तापलेली, तितकी ती जलद जळते आणि दाब चढतो. नायट्रोग्लिसरीनयुक्त दारूत हा फरक बहुधा अधिक जाणवतो. जलद दारू मर्यादेच्या अगदी कडेला भरलेली असेल तर एवढा फरक पुरतो. म्हणून काडतुसे गाडीत न ठेवता घरात, थंड आणि कोरड्या जागी, कुलूपबंद ठेवावीत. गोळी झाडल्यावर बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) जड उघडला किंवा पुंगळीच्या बुडाची टोपी सपाट झालेली दिसली, तर दुसरी गोळी चढवू नये.