शुक्रवारचा आकडा आणि दुतोंड्या मारुती

मे महिन्यात बहिणीची पोरं सुट्टीला आमच्याकडे नाशिकला येतात आणि दुपारी बारा ते पाच बाहेर पडायची सोयच नसते, मग काय, पंख्याखाली पत्ते, पन्हं आणि वाद. यंदाचा वाद सिनेमाच्या कमाईवरून होता. भाचा नववीत गेलाय, त्याला बॉक्स ऑफिसचे आकडे असे पाठ आहेत जसे आमच्या आप्पांना लासलगावचे कांद्याचे भाव पाठ असायचे. त्याचं म्हणणं, "मावशी, द अ‍ॅव्हेंजर्सचा पहिला शुक्रवार ८.०८ कोटी डॉलर, द डार्क नाइटचा ६.७२ कोटी, विषय संपला." त्याच्या ताईला डार्क नाइट आवडतो त्यामुळे ती चिडलेली, पण तिच्याकडे आकडा नव्हता.

मी म्हटलं, दोघांचा सोमवार काढा.

काढला. अ‍ॅव्हेंजर्सचा पहिला सोमवार १.८९ कोटी, डार्क नाइटचा २.४५ कोटी (हे सगळे आकडे अमेरिका-कॅनडाचे आहेत बरं का, जगभरचे नाहीत). म्हणजे शुक्रवारी जो सिनेमा जवळजवळ १.४ कोटी डॉलरनी मागे होता तो सोमवारी अर्ध्या कोटीनी पुढे. रविवारच्या मानाने बघितलं तर डार्क नाइटचे सोमवारी ५६ टक्के उरले आणि अ‍ॅव्हेंजर्सचे फक्त ३३ टक्के. ताई एकदम खूष, "बघ, लोकांना जास्त आवडला म्हणून टिकला."

आणि इथेच बहुतेक लोक थांबतात, एक आकडा आपल्या बाजूचा सापडला की झालं. पण तारखा बघा ना. अ‍ॅव्हेंजर्स तिकडे आला ४ मे २०१२ ला आणि डार्क नाइट १८ जुलै २००८ ला. अमेरिकेत शाळांची उन्हाळी सुट्टी जूनच्या आसपास लागते आणि ऑगस्टच्या शेवटापर्यंत वगैरे चालते, म्हणजे अ‍ॅव्हेंजर्सच्या सोमवारी पोरं वर्गात बसली होती आणि डार्क नाइटच्या सोमवारी पोरं मोकळी होती. सिनेमा कसा आहे याचा त्या ५६ आणि ३३ मध्ये वाटा असेलही, पण कॅलेंडरचाही मोठा वाटा असणार आणि नुसते ते दोन आकडे बघून कुणाचा किती हे सांगताच येत नाही.

आप्पांना हे बरोबर कळायचं, त्यांनी काही स्टॅटिस्टिक्स शिकलं नव्हतं तरी. रविवारी लिलाव बंद, त्यामुळे सोमवारी गाड्यांची रांग लागणारच. "सोमवारची आवक सोमवारशीच जोखायची" असं ते म्हणायचे. डेटावाले लोक हेच करतात, फक्त त्याला आठवड्याचं चक्र काढून टाकणं म्हणतात. वार सारखा, सुट्टी सारखी, मग तुलना.

शुक्रवारच्या आकड्यात अजून एक गंमत असते. आदल्या रात्रीचे शो. हॉलीवूडमध्ये गुरुवारी रात्रीच्या प्रीव्ह्यूचे पैसे शुक्रवारच्याच खात्यात धरतात. अ‍ॅव्हेंजर्स एंडगेम २६ एप्रिल २०१९ ला आला, पहिल्या दिवसाची कमाई १५.७४ कोटी डॉलर, शनिवारची १०.९३ कोटी. वाचणाऱ्याला वाटतं एका रात्रीत ३१ टक्के पडला. पण त्या १५.७४ मधले ६ कोटी गुरुवार रात्रीचे होते, ते बाजूला काढले की खरा शुक्रवार ९.७४ कोटी, म्हणजे शनिवारी तो पडला नाहीच, उलट १२ टक्के चढला! बेरीज कुठे कापली यावर चढ की उतार ठरतोय. हे मला खरंच महत्त्वाचं वाटतं, कारण तापमान असो, पाऊस असो, पेशंटची संख्या असो, सगळीकडे "दिवस" कुठून कुठपर्यंत धरला हे आधी विचारायला हवं आणि आपण ते विचारत नाही.

आता आपला मारुती. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक विचारतं, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. गोदाघाटावरची ती मूर्ती म्हणजे आपली पूर मोजायची पट्टीच आहे, आणि पट्टी चांगली आहे, फक्त ती त्या क्षणाची पातळी सांगते. खाली नांदूर मधमेश्वरवरून जायकवाडीत एकूण किती पाणी गेलं हे मारुती सांगू शकत नाही. एक दिवस छातीपर्यंत येऊन दुसऱ्या दिवशी ओसरलं तर जायकवाडीत फार काही पडत नाही, आणि पंधरा दिवस गुडघ्याएवढंच वाहिलं तर भरपूर पडतं. पहिल्या शुक्रवारचा आकडा म्हणजे मारुतीची पातळी, आणि सिनेमाची एकूण कमाई म्हणजे जायकवाडीतला साठा. अ‍ॅडव्हान्स बुकिंग म्हणजे धरणात आधीच साठलेलं पाणी, दरवाजे उघडले की एकदम येणारच, त्यात नवा पाऊस किती हे नंतरच कळतं.

म्हणून ट्रेडवाले लोक, म्हणजे सिनेमाच्या धंद्याचा हिशोब ठेवणारे, मल्टिप्लायर बघतात, म्हणजे एकूण कमाई भागिले पहिला वीकेंड. अ‍ॅव्हेंजर्सचा पहिला वीकेंड २०.७४ कोटी आणि एकूण ६२.३ कोटी, म्हणजे साधारण ३ पट. डार्क नाइटचा १५.८४ आणि एकूण ५३ कोटींच्या वर, म्हणजे ३.४ पट. बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन मार्च २०१६ मध्ये १६.६ कोटींनी उघडला, डार्क नाइटपेक्षाही जास्त, आणि एकूण थांबला ३३ कोटींवर, जेमतेम २ पट. मारुती बुडाला होता तरी जायकवाडी भरलं नाही.

आपल्याकडे तर याहून मोठं उदाहरण आहे. सैराट २९ एप्रिल २०१६ ला आला, ऐन मे महिन्याच्या तोंडावर, पहिल्या तीन दिवसांत साधारण १२ कोटी रुपये आणि शेवटी ८० कोटींच्या पुढे गेला, म्हणजे साडेसहा पटीच्या वर. ५० कोटी पार करणारा पहिला मराठी सिनेमा. तेव्हा गावागावातून टेम्पो करून लोक थिएटरला येत होते, एकदा बघितलेले परत येत होते, तो सगळा नवा पाऊस होता, धरणातलं साठलेलं पाणी नव्हे.

आणि कॅलेंडरचा चकवा आपल्याकडेही आहेच. बाहुबली २ ची हिंदी आवृत्ती २८ एप्रिल २०१७ ला लागली, ट्रेडने दिलेले आकडे असे: शुक्रवार ४१ कोटी, शनिवार ४०.५, रविवार ४६.५, सोमवार ४०.२५. सोमवारी पडलाच नाही की! चमत्कार वाटतो, पण तो सोमवार होता १ मे, महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन, सुट्टी. मंगळवारी ३० कोटी झाले. तरीही ३० म्हणजे प्रचंडच, पण सिनेमाची खरी पकड सांगणारा आकडा तो मंगळवारचा आहे, सोमवारचा नाही.

नेट-ग्रॉसचं पटकन सांगते कारण यातही भांडणं होतात. तुम्ही २३६ रुपयांचं तिकीट काढलं तर त्यात २०० तिकिटाचे आणि ३६ जीएसटीचे (शंभरच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के). ग्रॉस म्हणजे २३६, नेट म्हणजे २००, आणि निर्मात्याच्या बाजूला त्या २०० मधला थिएटरचा वाटा वजा जाऊन उरेल ते. एका सिनेमाचा ग्रॉस आणि दुसऱ्याचा नेट शेजारी ठेवला की घरबसल्या १८ टक्के फरक पडतो.

तर मग खरी तुलना करायची तरी कशी? विज्ञानात अशा वेळी शोधतात की बाकी सगळं सारखं आणि एकच गोष्ट वेगळी असं आयतं कुठे सापडतंय का. आणि ते सापडलं २१ जुलै २०२३ ला. बार्बी आणि ओपनहायमर एकाच शुक्रवारी आले. तोच वार, तीच सुट्टी, तीच हवा, तिकिटाचे दरही त्याच काळातले. बार्बीचा पहिला वीकेंड १६.२ कोटी डॉलर, ओपनहायमरचा ८.२४. दुसरा वीकेंड बार्बी ९.३, ओपनहायमर ४.६७.

भाचा म्हणाला, "बार्बी जवळजवळ ७ कोटींनी पडली, ओपनहायमर फक्त साडेतीन. ओपनहायमर जास्त टिकला."

मग आम्ही चौकटीची वही काढली. डाव्या बाजूला नेहमीसारखे १, २, ३, ४ न लिहिता १, २, ४, ८, १६ असे लिहिले, प्रत्येकामध्ये सारखंच अंतर, पाच पाच चौकटी. म्हणजे वर पाच चौकटी गेलं की दुप्पट, खाली पाच चौकटी आलं की निम्मं. हाच लॉग पेपर, याला दुकानातून काही आणायला लागत नाही. बार्बीचे दोन ठिपके टाकले, ओपनहायमरचे दोन टाकले, पट्टीने जोडले, आणि दोन रेषा अगदी समांतर आल्या, एकमेकींपासून बरोब्बर एका दुपटीच्या अंतरावर. भाच्याने दोनदा पट्टी लावून बघितली. दोन्ही सिनेमे ४३ टक्केच पडले होते! मोठ्यातून ४३ टक्के गेले की आकडा मोठा दिसतो, एवढंच. आणि पुढे काय झालं, तर बार्बी एकूण ६३.६ कोटी आणि ओपनहायमर सुमारे ३३ कोटी, शेवटीसुद्धा जवळजवळ तेच दुपटीचं नातं. कमाईची घसरण वजाबाकीने बघायची नसते, भागाकाराने बघायची असते, हे त्या दोन रेषा बघितल्यावर पोरांना सांगावं लागलं नाही.

ताई बारावी सायन्सची आहे, ती लगेच म्हणाली हे तर किरणोत्सर्गी पदार्थाच्या अर्धायुष्यासारखं आहे. आहेच. आठवड्याला ४३ टक्के घट म्हणजे निम्मं व्हायला साधारण साडेआठ दिवस. थायरॉइडच्या उपचारात वापरतात त्या आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस आहे, म्हणजे ही दोन्ही पोस्टर त्याच वेगाने फिकी होत होती म्हणा ना. बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन दुसऱ्या वीकेंडला ६९ टक्के पडला, त्याचं अर्धायुष्य जेमतेम चार दिवस.

पण साम्य शेवटपर्यंत टिकत नाही आणि मला तर हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो. चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसमध्ये सिताभ्र सिन्हा म्हणून भौतिकशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि राज कुमार पान यांनी २०१० मध्ये सिनेमांच्या कमाईवर एक पेपर लिहिला, चक्क भौतिकशास्त्राच्या जर्नलमध्ये. त्यांना असं दिसलं की दर थिएटरमागची कमाई सरासरीने काळाच्या व्यस्त प्रमाणात उतरते. म्हणजे पहिल्या आठवड्याची एक धरली तर दुसऱ्यात निम्मी, तिसऱ्यात एक तृतीयांश, चौथ्यात पाव. किरणोत्सर्गी पदार्थ असता तर निम्मं, पाव, एक अष्टमांश असं भराभर संपलं असतं. सिनेमा तसा संपत नाही, त्याची शेपटी लांब असते.

असं का होत असेल याचं एक सोपं उत्तर असं की प्रेक्षक एका जातीचे नसतात. पाऊस थांबल्यावर बघा, डांबरी रस्ता तासाभरात कोरडा, शेतातली माती चार दिवस ओली, आणि विहिरीला पाणी दिवाळीपर्यंत. प्रत्येकाचा सुकायचा वेग वेगळा, आणि जे पटकन सुकतं ते आधी संपून जातं, त्यामुळे मागे हळू सुकणारंच उरतं आणि एकूण घसरण मंद मंद होत जाते. पहिल्या शोला शिट्ट्या मारणारे फॅन म्हणजे तो रस्ता, आणि आमच्या सोसायटीतल्या काकू ज्या "बघू, गर्दी कमी झाली की जाऊ" म्हणतात त्या म्हणजे विहीर.

त्याच पेपरमध्ये अजून एक गोष्ट आहे, की सिनेमांच्या एकूण कमाईच्या आलेखाला मधे एक टेकाड नसतं, दोन असतात, बहुतेक सिनेमे एकतर खूप चालतात नाहीतर फारच कमी, मधल्या जागेत गर्दी कमी. म्हणून "सरासरी सिनेमा किती कमावतो" हा प्रश्नच जरा चुकतो, कारण सरासरी पडते तिथे फारसं कुणी राहतच नाही.

हे सगळं नाशिकमध्ये बसून लिहिताना दादासाहेब फाळके आठवणारच. जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. राजा हरिश्चंद्र मुंबईच्या कोरोनेशनला लागला तो ३ मे १९१३ ला, म्हणजे तोही ऐन उन्हाळ्यातलाच, आणि त्यानंतर त्यांनी आपलं काम नाशिकला हलवलं. १९१७ च्या लंकादहनची तर गोष्टच सांगतात की मद्रासला कमाईची चिल्लर एवढी जमली की बैलगाडीत भरून न्यावी लागली. तेव्हा कमाई वजनावर कळत होती.

तर दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं प्रयोगच करायला गेलो. कॉलेज रोडच्या बाजूचं एक मल्टिप्लेक्स, सोमवार, दुपारचा साडेबाराचा शो. पोरांनी मागच्या रांगेत बसून इंटरव्हलला दिवे लागल्यावर डोकी मोजली, दोघांनी वेगवेगळी आणि मग ताडून बघितली, ६१. पुढच्या सोमवारी त्याच वेळेला, त्याच स्क्रीनला परत गेलो. ३४. भाच्याने तिथेच मोबाइलवर भागाकार केला, "४४ टक्के पडला मावशी, बार्बीसारखाच!"

घरी येऊन वहीत ठिपके टाकले आणि मग मी त्याला अजून एक गोष्ट दाखवली. मोजलेल्या संख्येचं वर्गमूळ काढायचं, साधारण तेवढा चढउतार नुसत्या योगायोगानेच होतो. ६१ चं वर्गमूळ ८ च्या जवळ, ३४ चं ६ च्या जवळ. म्हणजे ६१ च्या जागी सहज ५५ किंवा ६८ माणसं आली असती आणि सिनेमात काही बदल झाला नसता. दोन्हींचा हिशोब एकत्र धरला तर आमची ४४ टक्के घसरण खरं म्हणजे ३२ पासून ५६ पर्यंत कुठेही असू शकते. त्यात लोक एकेकटे येत नाहीत, पाच-सहा जणांचं एक कुटुंब आलं किंवा नाही आलं तर आकडा आणखी हलतो, म्हणजे खरी अनिश्चितता याहूनही जास्त. ठिपक्यावर वर-खाली उभी रेघ काढून ती दाखवतात, ती काढली तर रेघ एवढी लांब आली की त्यातून बार्बीची रेषा पण गेली असती आणि सहज बऱ्याच वेगळ्या उताराची दुसरी रेषा पण.

भाचा बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसला. मग विचारलं, रेघ निम्मी करायची तर किती माणसं मोजावी लागतील? चौपट, म्हणजे अडीचशेच्या आसपास. आता त्याने ठरवलंय की पुढच्या सोमवारी सिडकोतले दोन मित्र, नाशिकरोडचा एक आणि हे दोघं, असे पाच ठिकाणी साडेबाराच्या शोला बसवायचे आणि पाचही ठिकाणी इंटरव्हललाच मोजायचं. तिकिटाचे पैसे कोण देणार यावर अजून बोलणं चालू आहे.