परसातील पक्ष्यांची ओळख

महाराष्ट्रात घराच्या अंगणात, परसात किंवा गच्चीवरच्या कुंड्यांत नेहमी दिसणारे पक्षी आकार, चोच, शेपटीची ठेवण, चाल आणि आवाज यांवरून ओळखतात. रंग सर्वांत शेवटी पाहावा. उन्हाकडे तोंड करून पाहिले तर बुलबुलही नुसता काळा दिसतो, शिवाय एकाच जातीत नर, मादी आणि पिल्लू यांचे रंग निराळे असू शकतात.

आकारासाठी चिमणी (सुमारे १५ सेंमी), साळुंकी (२३) आणि कावळा (४०) ही मापे पुरतात. चिमणी दोन्ही पायांनी टुणटुण उड्या मारते, साळुंकी एकेक पाऊल टाकत चालते.

सर्वाधिक घोटाळा दयाळ आणि चिरक यांत होतो. दोघेही काळे, दोघेही शेपटी उभारणारे. दयाळ नराचे पोट पांढरे असून पंखावर लांब पांढरा पट्टा असतो. चिरक नराच्या खांद्यावरचा पांढरा डाग बसल्यावर बरेचदा झाकला जातो. शेपटी उभारली की तिच्याखालचा तांबूस रंग मात्र लपत नाही. मातकट चिरक मादीतही हीच खूण शोधावी.

जांभळा शिंजीर जेमतेम १० सेंमीचा, बाकदार चोचीचा. विणीचा हंगाम सरल्यावर नराची चमक जाते आणि तो मादीसारखा पिवळट दिसतो. हनुवटीपासून पोटापर्यंत गडद रेघ तेवढी उरते. अनेकजण ही वेगळी जात समजतात.

शिंपी आणि राखी वटवट्या दोघेही झुडपात वळवळतात. शिंप्याचा माथा तांबूस, पाठ हिरवट. वटवट्याची पाठ राखी.

‘कुहू’ नर कोकीळ करतो, कवितेतली कोकिळा नव्हे. लाल डोळा, फिकट हिरवट चोच आणि लांब शेपटी यांमुळे तो कावळ्यापासून वेगळा पडतो. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आवाज ‘किक्-किक्’.

पावश्या उडताना हुबेहूब शिक्रा हा शिकारी पक्षी वाटतो; लहान पक्षीही फसून कलकलाट करतात. शिक्र्याची चोच आकडेबाज, पाय लांब व नख्यांचे. पावश्याची चोच जवळपास सरळ, पाय आखूड. उन्हाळ्यात पावश्याची ‘पेरते व्हा’ ही हाक ऐकू आली की शंका मिटते. हिवाळ्यात तो बहुधा गप्प असतो, तेव्हा चोच आणि पायच पाहावे लागतात.